टर्न चुकू नये म्हणून: गटाने खेळताना मुदत सांभाळायची रीत

दिवसाला एक फेरी अशा गतीने महिनोन्‌महिने चालणाऱ्या ऑनलाइन डावपेचांच्या खेळांत चांगला जमलेला डाव एका माणसाची टर्न वेळेत न गेल्याने मोडतो आणि त्याची किंमत सगळा गट मोजतो. ही चूक पुन्हापुन्हा होते, कारण मुदत सांभाळणे म्हणजे शेवटच्या तासात सगळ्यांना फोन करत सुटणे, अशी बहुतेक गटांची समजूत असते. वास्तविक ते काम फेरी उघडल्यावर पहिल्याच लॉगिनला करायचे असते. शेवटचा तास फक्त तपासणीसाठी ठेवायचा असतो.

उदाहरणांसाठी मी दोन खेळ घेतले आहेत. फ्रीसिव्ह या शहरे वसवून देश वाढवण्याच्या खेळात बहुतेक चाली लगेच पटावर घडतात आणि शहरांचे उत्पादन, वाढ, संशोधन यांचा हिशोब फेरी बदलताना होतो. डिप्लोमसी या युरोपच्या नकाशावरील तह-लढाईच्या खेळात सर्वांचे हुकूम गुप्त राहतात आणि मुदतीला एकदम उघडतात. तुमचा खेळ यांपैकी कोणत्या जातीचा आहे हे आधी ओळखा.

टप्पा 1: मुदत हुकली तर नेमके काय होते ते शोधा

खेळ सुरू होण्यापूर्वी नियमांचे पान उघडून चार गोष्टी लिहून काढा. हे काम एकाने करावे, पण त्याने लिहिलेले सर्वांनी वाचलेच पाहिजे.

पहिली गोष्ट, हुकूम न दिल्यास काय होते. डिप्लोमसीमध्ये हुकूम न मिळालेले सैन्य जागेवर उभे राहते, आणि एखाद्या फेरीत ते चालूनही जाते. परंतु माघारीच्या टप्प्यात हुकूम दिला नाही तर तेच सैन्य पटावरून नाहीसे होते, आणि हिवाळ्यातील उभारणीच्या टप्प्यात हुकूम दिला नाही तर मिळायचे नवे सैन्य त्या वर्षापुरते हातचे जाते. हे टप्पे लहान आणि कंटाळवाणे वाटतात, म्हणून लोक तेच चुकवतात. फ्रीसिव्हमध्ये शहरातील कामांची यादी रिकामी झाली की पुढे काय बनवायचे हे तुमच्या मनाप्रमाणे ठरत नाही, आणि मोहिमेवर गेलेले विमान वेळेत तळावर परतले नाही तर इंधन संपून नष्ट होते.

दुसरी गोष्ट, मुदतीआधी फेरी बदलू शकते का. डिप्लोमसी ऑनलाइन खेळण्याच्या वेबडिप्लोमसी या संकेतस्थळावर हुकूम ‘सेव्ह’ करणे आणि ‘रेडी’ दाबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्व खेळाडूंनी रेडी दाबले की मुदत शिल्लक असली तरी टप्पा पुढे सरकतो. फ्रीसिव्हमध्येही सर्वांनी ‘टर्न डन’ दाबल्यास फेरी लवकर संपू शकते. ती तशी संपते की घड्याळाप्रमाणेच बदलते, हे सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवलेले असते. विचारून घ्या.

तिसरी गोष्ट, फेरी किती तासांची आहे. चोवीस तासांची असेल तर मुदत रोज एकाच वेळी येते. तेवीस तासांची असेल तर ती रोज एक तास अलीकडे सरकते: आज रात्री अकराला असलेली मुदत आठवड्याने दुपारी चारला आणि दहा दिवसांनी दुपारी एकला येते. अशा खेळात ‘आपली मुदत रात्रीची’ हे वाक्य आठवडाभरही खरे राहत नाही.

चौथी गोष्ट फ्रीसिव्ह खेळणाऱ्यांसाठी आहे आणि ती सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. त्या सर्व्हरवर एक सेटिंग असते, जिच्यामुळे एखाद्या तुकडीच्या दोन फेऱ्यांतील चालींमध्ये किमान काही वेळ जावाच लागतो. फेरीच्या अखेरच्या क्षणी एक हल्ला आणि नवी फेरी लागताच दुसरा, असे कोणी करू नये म्हणून ती ठेवलेली असते. समजा ही मर्यादा दहा तासांची आहे आणि तुम्ही फेरी संपण्यापूर्वी दोन तास असताना तुकडी हलवली, तर नव्या फेरीचे पहिले आठ तास ती तुकडी जागची हलणार नाही. म्हणजे आजचा उशीर उद्याची सकाळही खाऊन टाकतो. सीमेवरच्या तुकड्यांच्या बाबतीत हे जिवावर बेतते.

*तपासा:* गटातील कोणालाही अचानक विचारा, ‘माघारीचा हुकूम गेला नाही तर काय होईल?’ किंवा ‘आपली फेरी किती तासांची?’ उत्तर अडखळत आले तर हा टप्पा पुरा झालेला नाही.

टप्पा 2: मुदत आपल्या घड्याळात आणा

बहुतेक सर्व्हर युटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ दाखवतात. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. त्यामुळे युटीसीचे 18:30 वाजले की आपल्याकडे मध्यरात्र होऊन तारीख बदलते. सोमवारी 20:00 युटीसी असे लिहिले असेल तर आपल्यासाठी ती मंगळवारची पहाट, दीड वाजताची वेळ असते. ‘मंगळवारची मुदत’ एवढेच ग्रुपवर टाकले की निम्मे लोक सोमवारी रात्री निवांत बसतात. म्हणून गटात मुदत सांगताना वार, तारीख आणि भारतीय वेळ तिन्ही लिहा आणि मध्यरात्रीनंतरची वेळ असेल तर ‘सोमवार रात्र उलटून, मंगळवार पहाटे 1:30’ असे सविस्तर लिहायचा कंटाळा करू नका.

सर्व्हरची वेळ युटीसीत नसून एखाद्या देशाच्या स्थानिक वेळेत जाहीर झाली असेल तर वर्षातून दोनदा ती आपल्या दृष्टीने सरकते, कारण भारतात घड्याळे मागेपुढे होत नाहीत, तिकडे होतात. युरोपात हा बदल मार्च आणि ऑक्टोबर महिन्यांच्या शेवटच्या रविवारी होतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. जर्मनीतील रात्री दहाची मुदत हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे अडीचला पडते आणि उन्हाळ्यात दीडला. ऑक्टोबरमधला बदल आपल्याला एक तास जास्त देतो, म्हणून तो लक्षात राहिला नाही तरी चालते. मार्चमधला बदल मात्र एक तास काढून घेतो, आणि शिगम्याच्या दिवसांत आधीच धांदल असते. तो रविवार आजच कॅलेंडरमध्ये नोंदवून ठेवा.

गोव्यातील गटात एखादा तरी गडी आखातात किंवा तारवावर असतोच. दुबई भारताच्या दीड तास मागे आहे, कुवेत अडीच तास. बोटीवर काम करणाऱ्याचे घड्याळ तर प्रवासात बदलत राहते. या मंडळींना भारतीय वेळ सांगून स्वतः हिशोब करायला लावू नका; मुदतीला ‘इतके तास उरले’ असे सांगा. खेळाच्या पानावर उलटा मोजणारा काउंटर सर्वांना सारखाच दिसतो आणि तोच खरा मानावा.

*सावधान:* फोनमधला रोजचा अलार्म तेवीस तासांच्या खेळात निरुपयोगी ठरतो. तिथे प्रत्येक नव्या फेरीला पुढचा अलार्म हाताने लावावा लागतो.

टप्पा 3: गटाची स्वतःची मुदत ठरवा

सर्व्हरची मुदत ही गटाची मुदत मानणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. गटाने आपली मुदत तिच्या किमान तीन तास आधी ठेवावी. सर्व्हरची मुदत पहाटे दीडची असेल तर गटाची रात्री साडेदहाची. त्यानंतर कोणी जागे राहावे अशी अपेक्षाही ठेवू नये.

हे तीन तास चैनीसाठी मागून घेतलेले नाहीत. पावसाळ्यात झाड तारांवर पडले की वीज जाते, वीज गेली की राउटर बंद पडतो, इन्व्हर्टर असला तरी बाहेरची लाइन तुटलेली असू शकते, आणि वीज फार वेळ आली नाही तर मोबाइलची रेंजही पडते. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. तीन तास हाताशी असतील तर निरोप पोचवून दुसऱ्याला काम सोपवता येते. वीस मिनिटे असतील तर फक्त तळमळता येते.

मुदतीबरोबर दोन जबाबदाऱ्याही वाटून द्या.

राखणदार: दर आठवड्याला एक जण. त्याने डाव चालवायचा नसतो, डावपेच सुचवायचे नसतात. कोणाचे हुकूम गेले आणि कोणाचे राहिले एवढेच पाहायचे. गटातील सर्वांत हुशार खेळाडूला हे काम देऊ नका, कारण तो पटाकडे पाहत बसतो आणि यादी तशीच राहते.

बदली: प्रत्येक खेळाडूमागे एक ठरलेला माणूस, जो गरज पडल्यास त्याची टर्न टाकेल. एकाच घरातील किंवा एकाच वाड्यावरील दोघांना एकमेकांचे बदली करू नका. वीज जाईल तेव्हा दोघांचीही जाईल.

टप्पा 4: पहिल्या लॉगिनला सुरक्षित हुकूम टाका

या लेखात एकच गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा. फेरी उघडल्यावर पहिल्यांदा आत शिराल तेव्हा, कोणाशी चर्चा करण्यापूर्वी, ‘यानंतर मला लॉगिन करताच आले नाही तरी डाव सावरलेला राहील’ असे हुकूम देऊन ठेवा. उत्तम हुकूम संध्याकाळी सुचतील. सकाळी फक्त सुरक्षित हुकूम हवेत. पहाटे दीडला बदललेली फेरी सकाळी चहा घेताना उघडली तर दहा मिनिटांत हे होते.

फ्रीसिव्हमध्ये क्रम असा ठेवा.

1. शहरे आधी पाहा. कुठे अशांतता होण्याची चिन्हे आहेत ते बघून कामगारांची मांडणी किंवा कराचे प्रमाण बदला. अशांतता पसरलेल्या शहराचे उत्पादन त्या फेरीपुरते बुडते.
2. प्रत्येक शहराच्या कामांच्या यादीत पुढच्या दोन-तीन फेऱ्या पुरतील एवढी कामे भरा. एकाच कामाची यादी म्हणजे रिकामी यादीच समजा.
3. संशोधनाचे चालू लक्ष्य आणि त्यापुढचे लक्ष्य तपासा. संघात संशोधन सामायिक असेल तर हे ठरलेल्या एकानेच बदलावे, नाहीतर सकाळी एकाने लावलेले लक्ष्य दुपारी दुसरा बदलतो आणि दोघांनाही कळत नाही.
4. विमाने तळावर आणि जहाजे बंदरात आहेत याची खात्री करा.
5. सीमेवरील तुकड्यांना तटबंदीचा हुकूम देऊन ठेवा. हल्ल्याच्या चाली चर्चेसाठी राखून ठेवा, पण टप्पा 1 मधील किमान वेळेचा नियम विसरू नका.

हा क्रम उलटा केला की काय होते ते सहज दिसते. माणूस आधी सीमेवरची लढाई पाहतो, तिच्यात अर्धा तास रमतो, तेवढ्यात कामावर निघायची वेळ होते, आणि शहरे ‘संध्याकाळी पाहू’ म्हणून राहून जातात.

डिप्लोमसीमध्ये सुरक्षित हुकूम म्हणजे कोणावरही अवलंबून नसलेले हुकूम: स्वतःच्या केंद्रांवर (ज्यांच्या संख्येवर सैन्य ठरते त्या ठिकाणांवर) उभे राहणे, आपल्याच शेजारच्या सैन्याला पाठिंबा देणे. हे हुकूम फक्त सेव्ह करा.

*सावधान:* मसुद्याच्या हुकमांवर रेडी दाबू नका. बाकी सगळ्यांनी आधीच रेडी दाबलेले असेल, तर तुमच्या एका बोटाने टप्पा तिथल्या तिथे बदलतो आणि रात्रीच्या चर्चेत ठरायचा डाव कच्च्या हुकमांवरच उरकला जातो.

टप्पा 5: चर्चेला वेळ ठरवा आणि हुकूम गोठवा

चर्चा दिवसभर वाहत राहिली की कोणताच निर्णय पक्का होत नाही. दोन वेळा ठरवा. गोव्यात दुपारी एक ते चार बरीच दुकाने बंद असतात, त्या वेळेत दुकानदार मंडळी मोकळी असतात. नोकरदारांना संध्याकाळी सातनंतर बरे पडते. ज्याला पाळीत फोन जवळ ठेवता येत नाही, त्याने आपले मत पाळीवर जाण्यापूर्वी लिहून ठेवावे आणि ‘मी नसताना अमक्याचा निर्णय मला मान्य’ असेही लिहावे.

गटाच्या मुदतीला, म्हणजे आपल्या उदाहरणात साडेदहाला, हुकूम गोठले. त्यानंतर बदल करायचा असेल तर एकच नियम: ज्याच्या हुकमावर तुमचा बदल परिणाम करतो, त्याने ‘बदलले’ असे लेखी कळवेपर्यंत तुमचा जुना हुकूमच कायम.

हा नियम का हवा ते एका उदाहरणात पाहा. फ्रान्सचे सैन्य पिकार्डीतून बेल्जियमवर जाणार आहे आणि उत्तर समुद्रातील इंग्लंडचे आरमार त्याला पाठिंबा देणार आहे, असे दोघांत ठरले. अकरा वाजता फ्रान्सच्या मनात आले की पिकार्डीऐवजी बरगंडीतले सैन्य बेल्जियमवर पाठवावे आणि पिकार्डीतले जागेवर ठेवावे. विचार चांगला असेलही. त्याने हुकूम बदलला, ग्रुपवर एक ओळ टाकली आणि झोपला. इंग्लंडवाल्याने ती ओळ वाचली नाही. त्याच्या आरमाराचा पाठिंबा पिकार्डीतून येणाऱ्या सैन्यालाच होता. ते सैन्य आलेच नाही, पाठिंबा फुकट गेला, आणि बरगंडीतले सैन्य एकटे पडून बेल्जियमच्या दारातून परतले. दोघांनी मुदत पाळली होती, तरीही फेरी वाया गेली.

म्हणून निरोपाचा साचा ठरवून टाका. ‘मी थोडा बदल केलाय, बघ’ असा निरोप कामाचा नसतो. असा लिहा:

‘फेरी 41. बदल: बेल्जियमवर आता बरगंडीतून जायचे, पिकार्डी जागेवर. इंग्लंडने पाठिंबा बरगंडीला द्यायचा. तू बदललेस की कळव. सव्वाबारापर्यंत कळले नाही तर मी पुन्हा पिकार्डीवर येतो.’

यात फेरी आहे, जुने-नवे दोन्ही आहे, कोणी काय करायचे ते आहे, आणि उत्तर न आल्यास काय होणार तेही आहे. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, आणि ते लिहिणाऱ्याने सव्वाबारापर्यंत जागे राहायचे. जागे राहणे जमणार नसेल तर साडेदहानंतर बदलाचा विचारच सोडून द्यावा.

टप्पा 6: राखणदाराची तपासणी

गटाची मुदत होताच राखणदाराने यादी घेऊन बसावे. ‘सगळ्यांचे झाले ना?’ असे ग्रुपवर विचारू नये. दोघे ‘हो’ म्हणतात आणि उरलेले गप्प बसतात, त्या गप्प बसण्याचा अर्थ लागत नाही. प्रत्येकाकडून हुकमांच्या पानाचा स्क्रीनशॉट मागवावा आणि तीन गोष्टी पाहाव्यात: हुकूम सेव्ह झाले आहेत का, ते याच फेरीचे आहेत का, आणि एकमेकांवर अवलंबून असलेले हुकूम जुळतात का. सेव्हचे बटण दाबताना नेट गेले तर पडद्यावर हुकूम दिसत राहतात आणि सर्व्हरवर पोचलेले नसतात. म्हणून स्क्रीनशॉट पान पुन्हा उघडून घेतलेला हवा.

ज्याच्याकडून उत्तर नाही त्याला आधी फोन, पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन, आणि तरीही नाही तर त्याच्या बदलीला कळवणे. तिसऱ्या फोनाची वाट पाहू नये. कोणाला वाईट वाटेल म्हणून बदलीला उशिरा सांगणे ही आपल्याकडची नेहमीची अडचण आहे. खेळ सुरू होतानाच हा क्रम सर्वांनी मान्य केला असेल तर वाईट वाटायला जागा उरत नाही.

टप्पा 7: ठरलेली गैरहजेरी आधी हाताळा

एकाच मुलखातील गटाची एक खास अडचण असते: सगळे एकाच दिवशी गैरहजर राहतात. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे आपापल्या मूळ घरी जातात, तिथे माणसांची वर्दळ असते आणि नेट कसे असेल सांगता येत नाही. 2026 मध्ये चवथ 14 सप्टेंबरला आहे. तिच्या आदल्या आणि नंतरच्या दिवसांसह निदान चार फेऱ्यांची सोय आधी लावावी. गावची जत्रा, लग्न, कोकण रेल्वेचा लांबचा प्रवास या गोष्टीही तशाच. बोगद्यांच्या मार्गावर गाडीत बसून टर्न टाकू, हा बेत आखूच नका.

सोय तीन प्रकारे लागते. सर्व्हर चालवणाऱ्याकडे मुदतवाढ मागायची असेल तर ती निदान आठवडाभर आधी मागा. समोरच्या गटालाही त्यांचा कार्यक्रम आखायचा असतो. मुदतवाढ नसेल तर गटाबाहेर न जाता, परदेशात असलेल्या सदस्याला त्या चार दिवसांचा राखणदार करा. आखातातला माणूस इथे खरोखर उपयोगी पडतो. आणि तिसरे, ताबा रीतसर दुसऱ्याकडे द्या.

फ्रीसिव्हमध्ये यासाठी ‘डेलिगेट’ ही आज्ञा आहे. चॅटच्या ओळीत ती देऊन तुम्ही आपला देश कोण चालवू शकेल हे ठरवता, आणि तो माणूस आपल्याच खात्यातून तुमचा ताबा घेतो. पासवर्ड देण्याची गरज पडत नाही, आणि तो देऊ नयेच. अनेक खेळांत एकाने दुसऱ्याचे खाते वापरणे नियमाबाहेर असते आणि त्यापायी गटच बाद होऊ शकतो. ताबा देताना तीन ओळींची टीप द्या: कोणत्या शेजाऱ्याशी तह आहे, कोणती तुकडी हलवायची नाही, आणि खजिन्यातील सोने कशासाठी राखले आहे.

*सावधान:* ताबा दुसऱ्याकडे असताना मूळ मालकाने लॉगिन केले की ताबा आपोआप त्याच्याकडे परततो. आरती आटोपल्यावर ‘जरा पाहू तरी’ म्हणून आत शिरलात, तर चाली करत बसलेला तुमचा बदली मध्येच बाहेर फेकला जातो. सुट्टी घेतली आहे तर आत जाऊ नका. पट पाहायचाच असेल तर बदलीकडून स्क्रीनशॉट मागवा.

टप्पा 8: मुदत हुकलीच तर

पहिल्या अर्ध्या तासात कोणाची चूक हे शोधू नका. आधी पट पाहा: काय गेले, काय धोक्यात आहे. मग नव्या फेरीचे सुरक्षित हुकूम लगेच टाका, कारण हुकलेल्या फेरीवर वाद घालताना पुढचीही हुकते. ज्यांच्याशी तह आहे त्या मित्रदेशांना खुलासा पाठवा. ठरलेला पाठिंबा आला नाही की त्यांना दगाफटका वाटतो, आणि तो समज रात्रभर तसाच राहिला तर दुसऱ्या दिवशी त्यांचे सैन्य तुमच्या सीमेवर असते.

एकाच माणसाची फेरी दुसऱ्यांदा हुकली तर त्याची मुदत बदलून पाहा, माणूस नंतर. रात्रपाळीच्या माणसाला साडेदहाची मुदत कधीच जमणार नाही, पण सकाळी नऊला तो रोज हुकूम टाकेल, आणि संध्याकाळचा बदल त्याच्या बदलीने करावा एवढे ठरवले की पुरते. हेही जमले नाही तर त्याला सीमेपासून दूरचा, कमी हुकूम लागणारा देश पुढच्या डावात द्या आणि चालू डावात त्याचा ताबा बदलीकडे कायमचा सोपवा.